आतल्या बाजूच्या चपला

१

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमची लॉण्ड्री आहे. दिवसभर लोकांच्या चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायची. डोळ्यांसमोर सारखं पांढरं काहीतरी वाऱ्यावर हलत असतं. त्याला भ्यायला लागले तर धंदा बंद करून घरी बसावं लागेल.

त्या दिवशी मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघीच फिरायला गेलो होतो. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला धाकटे म्हणून हाक मारतात. समुद्राकाठचं जुनं बंदर, सकाळच्या बसने जायचं, दिवसभर हिंडायचं, संध्याकाळच्या बसने परत. नवरा म्हणाला, "जा दोघी, दुकान मी बघतो." तो बघतो म्हणजे काय बघतो ते मला पुरतं ठाऊक आहे, पण तरी गेले.

ताईंबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच ओट्यापाशी नांदलो आणि कडाकडा भांडलो. पुढे त्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं. मग थोरले दीर गेले, भाड्याची जागा सुटली, आणि तेव्हापासून ताई आळीपाळीने राहतात. काही महिने लेकाकडे, काही लेकीकडे, काही आमच्याकडे. लाड सगळीकडे होतात. आमच्याकडे मी त्यांना कामाला हात लावू देत नाही, आवाज चढवत नाही. त्याही सारख्या "चालेल गं", "काही हरकत नाही", "तुम्हाला त्रास नको" असंच बोलतात. मीठ जास्त पडलं म्हणून ज्या बाईने एकदा माझ्या हातातली पळी हिसकावून घेतली होती, ती बाई आता पाणी पिण्याआधी विचारते, "घेऊ का गं?" मला ते बघवत नाही. पण करायचं काय, हे काही सुचत नव्हतं. म्हणून ही सहल काढली.

२

बंदर छान होतं. वाऱ्याने डोक्याचं घरटं केलं तेवढं सोडलं तर. तटाच्या भिंतीवरून फिरलो, गंजलेल्या तोफेपाशी एकमेकींचे फोटो काढले. जुन्या गोदामांची आता दुकानं झाली आहेत. तिथे शिंपल्यांचे दिवे बघून ताई म्हणाल्या, "छान आहेत." पूर्वीच्या ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "आणि यांच्यावरची धूळ कोण पुसणार, तुझा बाप?"

ऊन चढलं, माझी टाच ठणकायला लागली, तेव्हा सावली तरी मिळेल म्हणून आम्ही त्या घरात शिरलो. कुठल्याशा जहाजमालकाचं घर. माणसं कधीच गेली, सामान जसंच्या तसं ठेवलंय, तिकीट काढून बघायचं. दाराशेजारच्या खिडकीत तिकीटवाली बाई विणत बसली होती. तिने तिकिटांबरोबर इलॅस्टिकच्या जाड कापडी खोळी दिल्या.

"या पायातल्यावरूनच चढवा. जमीन जुनी आहे. चपला-बूट काढू नका."

मी कण्हत-कुथत वाकून बुटांवर खोळी चढवल्या. वर बघते तर ताईंनी चपला काढून दाराबाहेर भिंतीशी नीट लावल्या होत्या आणि अनवाणी पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं होतं.

"अहो, काढू नका म्हटलं ना!" तिकीटवाली अर्धवट उठली.

"असू दे हो," ताई म्हणाल्या. "लोकांच्या राहत्या घरात चपला घालून कसं जायचं? बरं दिसत नाही."

राहतं घर! आता काय बोलणार? तिकीटवाली ताईंच्या पावलांकडे बघत राहिली. मग खाली बसली, विणकाम हातात घेतलं, पण सुया काही हलेनात. मला वाटलं, जमीन खराब होईल म्हणून वैतागली असेल.

३

खोल्यांच्या दारांना जाड लाल दोर लावले होते, पितळी हुकांचे. दोराच्या अलीकडून बघायचं, आत जायचं नाही. जेवणघरात टेबल मांडून ठेवलेलं. माझी नजर धंद्याच्या खोडीने आधी कापडावर गेली. प्रदर्शनातलं कापड पिवळं पडतं, घड्यांच्या जागी रेघा उमटतात. हा टेबलक्लॉथ पांढराफेक, खळ घालून कडक केलेला, रेघ म्हणून नाही. म्हटलं, यांचा धोबी चांगला आहे, जाताना नाव विचारून घ्यावं.

पुढे स्वयंपाकघर. तिथे ताई चक्क आत उभ्या, ओट्यावरून हात फिरवत.

"ताई, दोराच्या आत काय करताय? ओरडेल ती बाई."

"दोर कुठे होता? उघडंच होतं."

खरंच, दोर एका बाजूने सुटून लोंबत होता. कोणीतरी विसरलं असेल. ताईंना बाहेर काढलं आणि हूक परत लावला. पुढच्या खोलीशी भिंतीवर जहाजाचं चित्र होतं, ते बघत मी क्षणभर रेंगाळले. दाराशी पोचले तर ताई पुन्हा आत, आणि या वेळी दोर लावलेला. ताठ.

"तुम्ही लावलात?"

"काय लावलं?" ताई एका खुर्चीची पाठ निरखत होत्या. मी हूक काढायला गेले तर तो निघेना. दोन्ही हातांनी दाबून, ओठ चावून, कसाबसा निघाला. ताईंची बोटं संधिवाताने आखडली आहेत, त्यांना बरणीचं झाकण उघडत नाही. म्हटलं, वाकून खालून गेल्या असतील. या वयात, त्या गुडघ्यांनी? गेल्या असतील बाई. माणूस सहलीला आला की काय काय करतो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी चाललं. लाकडी जमीन होती, स्पष्ट ऐकू आलं. खोळी घातलेला माणूस घसटत चालतो, माझाच आवाज मी मघापासून ऐकत होते. हा आवाज तसा नव्हता. टाच आधी टेकायची, मग चवडा. वर कोणीतरी अनवाणी चालत होतं. मग आणखी कोणीतरी.

"माणसं आहेत वाटतं वर," ताई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरं वाटतं नाही गं, भरलेलं घर?"

४

मला जरा बाथरूमला जायचं होतं, म्हणून विचारायला दाराशी परत आले. ताईंना म्हटलं, इथेच थांबा.

दाराबाहेर भिंतीशी ताईंच्या चपला नव्हत्या.

गेल्या चोरीला, हे माझ्या मनात आधी आलं, आणि खरं सांगते, ते किती बरं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. कारण मग उंबऱ्याच्या आतल्या बाजूला असलेली लाकडी फळी दिसली. तिच्यावर घरातल्या जुन्या माणसांचं पायताण मांडलं होतं. गुडघ्यापर्यंतचे बूट, बायकी बंदाचे जोडे, लहान मुलाचे जोडे. आणि त्यांच्या मधोमध ताईंच्या चपला. बोटं घराच्या आतल्या दिशेला. पट्टा तुटला होता तो मोच्याने हिरव्या दोऱ्याने शिवला होता, त्यावरून चटकन ओळखल्या.

"यांना आत कोणी ठेवलं?" मी विचारलं.

"मी त्या फळीला हात लावत नाही," तिकीटवाली म्हणाली.

मी वाकून बघितलं. चपलांवर धूळ बसली होती. धूळ म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. रस्त्यावरची धूळ उडून चिकटते, ती वेगळी. ही वरून सावकाश बसलेली, साय धरावी तशी. मी बोट फिरवलं तर बोटावर जाड थर आला. शेजारच्या जोड्यांवर होता तसाच.

"झाडूवाला येऊन गेला का?" माझी अक्कल अजून दोरीवर कपडे अडकवल्यासारखी कारणं अडकवत होती.

"तुमच्या बाई कुठे आहेत?" तिकीटवालीने विचारलं.

"खाली. स्वयंपाकघरापाशी."

"बोलवा त्यांना. तुमचे बूट मात्र पायातच असू द्या, काही झालं तरी."

"काही झालं तरी म्हणजे काय हो? काय होतं इथे?"

"मला माहीत नाही. मी आत जात नाही. माझं काम दारापाशी," असं म्हणून तिने मान खाली घातली. बाथरूमचं विचारायचं राहून गेलं. तशी गरजही उरली नव्हती.

५

ताई खाली नव्हत्या. हाका मारल्या, उत्तर नाही. जिन्याच्या पायथ्याशीही लाल दोर होता, आणि तो लोंबत होता.

मी वर चढले. वर लांब बोळ, दोन्ही बाजूंना झोपायच्या खोल्या. मी चढत असताना वर बोलणं चाललं होतं. भरल्या घरात दुपारी असतं तसं, कोणी कोणाला काही विचारतंय, कोणी हसतंय, खुर्ची सरकतेय. मी शेवटच्या पायरीवर आले आणि सगळं थांबलं. म्हटलं, शेजारच्या घरातलं असेल. भिंतीला भिंत लागून घरं आहेत, रेडिओ असेल.

पहिल्या खोलीशी थांबले. दोर दाराच्या जरा आतल्या बाजूने होता आणि पलंग दाराला अगदी लागून. नको तेच केलं, हात लांब करून चादरीला लावला.

चादर गरम होती. इस्त्री फिरवून नुकतीच अंथरलेली, अजून ओलसर ऊब असलेली. ही ऊब किती वेळ टिकते ते मी झोपेतही सांगेन. फार तर तुम्ही घडी घालून वळेपर्यंत. मी हात झटकन मागे घेतला. त्या मजल्यावर विजेचं एकही बटण नव्हतं, हे त्यानंतर माझ्या लक्षात आलं.

आणि तेवढ्यात ताईंचा आवाज आला. बोळाच्या टोकाच्या खोलीतून.

"नाही गं, दमले कुठे? दे इकडे, मी करते." मग थोडं थांबून, "तुझं आपलं काहीतरीच!" आणि ताई हसल्या. मोकळ्या, तोंडाला पदर-रुमाल न लावता. तसं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

गं! घरात त्या मला गं म्हणतात. लेकीला म्हणतात. त्या खोलीत गं कोणाला म्हणत होत्या?

६

त्या खोलीच्या दाराला दोर होता, ताठ लावलेला. पलीकडे खिडकीखाली लांब बाक, त्यावर गादी, आणि बाकावर ताई एकट्या बसल्या होत्या. खिडकीतून ऊन येत होतं, खाली समुद्र चमकत होता. घाबरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. मांडीवर पांढऱ्या हातरुमालांचा ढीग घेऊन त्या एकेकाची घडी घालत होत्या.

"ताई, चला. बसची वेळ होईल."

"तू हो पुढे. मी राहते थोडी."

"कोणाशी बोलत होता?"

"अगं, यांच्याशीच," असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी मागे वळून बघितलं. बोळ रिकामा होता.

मी हूक ओढला. दोन्ही हातांनी ओढला, अंग टाकून ओढला. भिंतीतून उगवल्यासारखा घट्ट. वाकून खालून जावं म्हटलं तर गुडघे वाकेनात. भीतीनेच असेल, पण वाकेनात.

"ताई, असं काय करता? घरी चला ना. आमच्याकडे तुमची काय अडचण आहे का?"

"अडचण नाही, हे ठाऊक आहे मला," ताई हातातल्या रुमालाकडे बघत म्हणाल्या. "सगळे तेच सांगतात. अडचण नाही, राहा हवं तेवढं. इथे तसं कोणी म्हणालंच नाही गं. आल्या आल्या हातात काम दिलं."

मला रडू फुटलं. कारण मला कळलं, त्या खरंच येणार नाहीत. त्यांना कोणी धरून ठेवलं नव्हतं. त्यांना राहायचं होतं.

खिडकीशेजारी आरशाचं कपाट होतं, त्याचं दार अर्धवट उघडं. आरशात बाकाचं टोक दिसत होतं, आणि ताईंचा खांदा. खांद्यावर एक हात होता. हात म्हणजे मी मनगटापर्यंतची बाही बघितली. पांढरी, खळ घातलेली, इतकी स्वच्छ की मला आयुष्यात तेवढं पांढरं कधी काढता आलेलं नाही. ती बाही ताईंना हळूहळू थोपटत होती, लहान मुलाला निजवतात तशी. बाहीच्या वर, कोपराच्याही वर, नजर जायला लागली आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले ते थेट ताईंच्या हातांवर. त्या रुमाल आधी आडवा दुमडत होत्या.

मी काय केलं ते ठरवून केलं असं सांगितलं तर खोटं होईल. भीती, रडू, टाचेची कळ, सगळं एकदम डोक्यात गेलं आणि मी किंचाळले, "अहो, घडी चुकतेय! जन्म गेला तुम्हाला सांगण्यात, आधी लांबीत घालायची, मग रुंदीत! कडा बघा, कडा! शेळीने चावल्यासारख्या दिसतायत!"

ताईंचे हात थांबले.

"लॉण्ड्री चालवते मी," मी ओरडत होते. "असला रुमाल गिऱ्हाइकाला दिला तर तो तोंडावर फेकेल माझ्या! तुम्हाला कधी नीट घडी जमली आहे का हो? सासूबाईसुद्धा म्हणायच्या!"

"काय म्हणायच्या?" ताईंनी मान वर केली. "काय म्हणायच्या गं सासूबाई? तू घरात आलीस तेव्हा तुला उशीचा अभ्रा घालता येत नव्हता, उलटा घालायचीस! मी शिकवलं तुला!"

"शिकवलं? हातातून ओढून घ्यायचात, याला शिकवणं म्हणतात?"

"तोंड सांभाळ, धाकटे!"

"नाही सांभाळत! या, दाखवा ना येऊन काय ते!"

ताई उठल्या. मांडीवरचे रुमाल भसकन जमिनीवर पडले. त्या तरातरा दाराशी आल्या, माझ्याकडे रागाने बघत, हाताकडे बघतही नव्हत्या, आणि ज्या बोटांना बरणीचं झाकण उघडत नाही त्या बोटांनी त्यांनी आतून हूक टक्कन काढला. दोर खाली पडला. ताई बोळात आल्या आणि माझ्या नाकासमोर बोट नाचवून म्हणाल्या, "आधी रुंदीत! समजलं? आधी रुंदीत!"

मी त्यांचं ते बोट धरलं आणि चालायला लागले.

७

जिना उतरेपर्यंत मी भांडण थांबू दिलं नाही. पळीचं काढलं, करपवलेल्या कुकरचं काढलं, ताई तर माझ्या बारशात मी न केलेल्या चुकांपर्यंत पोचल्या. मागे वरच्या बोळात अनवाणी पावलं येत होती, घाईने नव्हे, पाहुण्याला पोचवायला यावीत तशी. जिन्याच्या माथ्याशी ती थांबली. मी वळले नाही.

दाराशी ताई फळीकडे हात करायला लागल्या. "माझ्या चपला..."

"राहू देत त्या."

"अगं, चांगल्या आहेत. नुकत्याच शिवून घेतल्यात."

"ताई, त्या चपलांना हात लावलात तर मी इथे उंबऱ्यावर लोळण घेईन. लोक जमतील. लाज तुम्हालाच वाटेल."

तिकीटवाली खिडकीतून बाहेर आली होती. तिने स्वतःच्या पायातल्या रबरी स्लीपर काढल्या, उंबऱ्याच्या बाहेर, रस्त्यावर ठेवल्या आणि ताईंना म्हणाली, "बाहेर या आणि मगच घाला." ताईंनी बाहेर येऊन घातल्या. तिकीटवालीने एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. ती इतकंच म्हणाली, "बरं झालं." तिचे डोळे भरले होते. कोणासाठी ते मी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

रस्त्यावर लोक होते, आइस्क्रीम खात होते, एक पोरगी तोफेवर चढायचा हट्ट करत होती. इतकं साधं, इतकं छान सगळं. मला हसूच यायला लागलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उन्हाने डोकं फिरलं हिचं."

८

बसमध्ये शेजारी बसल्यावर मी विचारलं, "ताई, कोण होतं हो तिथे?"

"कुठे? मी एकटीच तर बसले होते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "जागा छान होती, एवढं मात्र खरं. मी गेले तर सगळे सरकून बसले गं." आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

मी त्यांच्या खांद्याकडे बघितलं. दिवसभर हिंडून कपडे चुरगळले होते, वाऱ्याने, घामाने. त्या खांद्यावर मात्र तळहाताएवढा भाग कडक होता. एक सुरकुती नाही. मी हात ठेवला. अजून गरम होता.

आयुष्य गेलं सुरकुत्या काढण्यात. त्या दिवशी मी तो भाग मुठीत धरला आणि चुरगाळला, पुन्हा चुरगाळला, पार बोळा होईपर्यंत.

"काय करतेस?" ताई दचकल्या. "चोळामोळा केलास! उद्या इस्त्री करून दे आता."

आमच्या घरात पहिल्यापासून एक रीत आहे. मी इस्त्री करते ती गिऱ्हाइकांच्या कपड्यांना. घरचा माणूस आपली आपण करतो, नवरासुद्धा. ताईंचे कपडे मात्र त्या आल्या की मीच करून ठेवत असे, घडी घालून, उशाशी.

"मी नाही करणार," मी म्हणाले. "दुकानात इस्त्री आहे, टेबल आहे. तुमची तुम्ही करा. घरातल्या कोणाची मी करत नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग पुष्कळ वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. समुद्र मागे पडला, शेतं लागली, दिवे लागायला लागले. मला वाटलं, दुखावल्या.

"त्या इस्त्रीची वायर आधी बदल," त्या एकदम म्हणाल्या. "मागच्या खेपेलाच बघितली होती मी, सोलवटली आहे. आणि तुझ्या नवऱ्याला दुकानात बसून डुलक्या काढायला लाज कशी वाटत नाही गं? उद्यापासून मी बसते सकाळची. आणि घड्या माझ्या पद्धतीने होतील, सांगून ठेवते."

"अजिबात नाही," मी म्हणाले, आणि घर येईपर्यंत आम्ही त्यावरून भांडत होतो.